कार्यालयासाठी ‘हरित’ साहित्य: नवे आणावे, की आहे तेच राखावे?

गंगापूररोडकर

आम्ही बारा जण नाशिकमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या जागेत काम करतो. करार आणखी पाच वर्षांसाठी वाढला आणि त्यानिमित्ताने कार्यालय ‘पर्यावरणस्नेही’ करायचे ठरले. ठेकेदाराच्या प्रस्तावात तीन कामे आहेत: सुस्थितीतील विट्रिफाइड फरशी उखडून बांबूची फरशी बसवणे, जुनी कपाटे काढून ‘ग्रीन’ शिक्क्याच्या बोर्डाची नवी करणे, आणि बैठकीच्या खोलीसाठी विटांची भिंत बांधणे. माझा पहिल्या दोन्ही कामांना विरोध आहे.

विट्रिफाइड फरशी साधारण १२०० अंश तापमानाला भाजली जाते. तिच्यासाठी जे इंधन जळायचे ते केव्हाच जळून गेले आहे, आणि ती फोडल्याने त्यातले काहीही परत मिळणार नाही. उलट राडारोडा तयार होईल. तो कुठे जातो हे नासर्डी नदीच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यांना सांगायला नको. बांबू झपाट्याने वाढतो हे खरे. परंतु फरशीच्या रूपात मिळणारा बांबू म्हणजे चिकटद्रव्यात दाबलेल्या पट्ट्या असतात आणि त्यांतला बराचसा माल चीनमधून येतो. आपल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतल्या बांबूशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे.

अंबड लिंकरोड (अंतर्गत सजावटीचा व्यवसाय)

फरशीबाबत आपले म्हणणे मान्य आहे, कपाटांबाबत नाही. ‘आहे ते राखा’ हे ऐकायला बरे वाटते, पण पार्टिकल बोर्डाला (लाकडाचा भुसा चिकटद्रव्यात दाबून केलेल्या फळीला) एकदा पाणी लागले की तो फुगतो, बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत आणि दर सहा महिन्यांनी सुतार बोलवावा लागतो. शिवाय जुन्या स्वस्त बोर्डातून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या त्रासदायक वायूचे काय? बंद वातानुकूलित खोलीत माणसे दिवसाचे आठ-नऊ तास बसतात. कमी उत्सर्जनाचा बोर्ड घेणे ही मी चैन मानत नाही. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांचा आणि घशाचा तो प्रश्न आहे.

गंगापूररोडकर

फॉर्मल्डिहाइडचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. बोर्डातल्या यूरिया-फॉर्मल्डिहाइड चिकटद्रव्यातून वायू सर्वाधिक निघतो तो बोर्ड नवा असताना. पुढे प्रमाण घटत जाते, उष्णता आणि दमटपणा वाढला की पुन्हा थोडे चढते. आमची कपाटे नऊ वर्षांची आहेत. त्यांनी सोडायचे ते बहुतेक सोडून झाले आहे. नव्या बोर्डाच्या उघड्या कडा लिपिंग (कड झाकणारी पट्टी) न लावता तशाच ठेवल्या, तर चांगल्या श्रेणीचा बोर्डही त्रास देतो, आणि नजरेआडच्या मागच्या कडांवर लिपिंग वाचवण्याची सवय आपल्या व्यवसायात किती आहे हे आपणच सांगावे.

एकलहरे

भिंतीविषयी कोणी काही बोलत नाही म्हणून लिहितो. आपल्या शेजारी औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याच्या राखेच्या विटा इथे सहज मिळतात. लाल वीट शेतजमिनीची वरची माती खाते आणि भट्टीत कोळसा जाळते. राखेची वीट भाजावी लागत नाही, पाणी मारून मुरवली की झाले. औष्णिक केंद्रांच्या परिसरातील बांधकामांत राखेचा वापर व्हावा यासाठी केंद्र सरकारने १९९९ मध्येच अधिसूचना काढली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा सुटला की राख कुठे कुठे जाऊन बसते ते पाहिले, तर ती भिंतीत बंद झालेली बरी, असे कोणालाही वाटेल.

आरेखिका

एकलहरेकरांशी तत्त्वतः सहमत आहे, पण या जागेसाठी नाही. राखेची वीट वजनाला लाल विटेसारखीच भारी असते आणि ही जागा तिसऱ्या मजल्यावर आहे. स्लॅबवर मध्येच भिंत उभी करायची तर संरचना अभियंत्याला विचारावे लागेल. एएसी ब्लॉकही (हवेच्या पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे) राखेपासून होतात आणि वजनाला साधारण एक तृतीयांश भरतात. तरीही माझा सल्ला भिंत न बांधण्याचाच आहे. पाच वर्षांच्या करारात बांधलेली भिंत सहाव्या वर्षी राडारोडा होते, मग ती कशाचीही असो. लाकडी चौकट, वर काच, खाली प्लायवुड, सगळे स्क्रूवर. जाताना उघडून सोबत न्यावे.

जुनी वखार

चौकटीसाठी जुने सागवान घ्यावे. पंचवटी, भद्रकालीतले वाडे उतरतात तेव्हा पाडकामाचा ठेकेदार तुळया आणि खांब घेऊन जातो, आणि ते लाकूड घनफुटावर विकले जाते. पूर्ण वाळलेले असल्याने ते नव्या लाकडासारखे पिळत नाही. मात्र आत मोडलेले खिळे असतात. करवतीचे पाते एकदा गेले की सुतार दुसऱ्यांदा हात लावत नाही, म्हणून चिरण्यापूर्वी खिळे काढण्याची मजुरी वेगळी धरावी. कडीपाटाच्या (वाड्यातल्या लाकडी छताच्या) फळ्या स्वस्त मिळतात, पण वाळवी नीट तपासावी. अशा खरेदीमुळे वाडे पडतात असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही; वाडे भाऊबंदकीने आणि जागेच्या भावाने पडतात, लाकूड नंतर विकले जाते.

द्वारका

आपण सर्व जण फळ्या आणि विटा मोजत बसलो आहोत. दीड टनाचा एक एसी दिवसभरात सहज दहा युनिट वीज घेतो आणि आपल्या देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका यंत्राचे रोजचे सात किलो, आणि असे पाच वर्षे. नाशिकचा हिवाळा पाहता इथे चार महिने एसीची गरज नाही, तरी खिडक्या कायमच्या बंद करून ठेवतात. पश्चिमेच्या काचेवर बाहेरून बांबूच्या चिका (काड्यांचे पडदे) लावल्या तर कपाटांच्या वादापेक्षा अधिक फरक पडेल.

गंगापूररोडकर

भिंतीबाबत मी चुकीच्या बाजूला होतो. ती वगळण्याचे आज कळवले आहे. कपाटांची पाठ उघडून पाहिली, सहापैकी दोन खरोखर फुगलेली आहेत. ती दोनच बदलू. द्वारका, आमची पश्चिमेची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे आणि बाहेरून काही लावायला सोसायटी परवानगी देत नाही. आतून लावलेल्या चिकांचा उपयोग कितपत होईल? ऊन काचेतून आत येऊन गेलेले असते, म्हणून शंका आहे.