बिग बिल ब्रून्झीच्या मागे लंडनचा जॅझ ताफा : शोभतो की खटकतो?

निळासूर
ऑक्टोबर १९५५ मध्ये ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारातला गायक-गिटारवादक बिग बिल ब्रून्झी याने लंडनमध्ये निर्माता डेनिस प्रेस्टनसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. काहींत तो एकटाच गिटार घेऊन गातो. काहींत मागे तिथले जॅझवाले आहेत : सॅक्सोफोनवर ब्रूस टर्नर आणि केनी ग्रॅहम, पियानोवर डिल जोन्स, बासवर जॅक फॅलन, ड्रम्सवर फिल सीमन. ब्लूजचे जाणकार या दुसऱ्या गाण्यांना नाकं मुरडतात. इंग्रजांनी शेतकऱ्याला कोट-टाय चढवला, असा एकूण सूर असतो.

मला हे साफ चुकीचं वाटतं. कोट-टाय त्याचाच होता. तिशीच्या दशकात शिकागोत त्याने ढिगाने रेकॉर्ड केल्या, त्या पियानो, बास, ड्रम्स, प्रसंगी ट्रम्पेट घेऊन. शेतकऱ्याचं सोंग नंतरचं. १९३८ मध्ये ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन वारल्यामुळे न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात त्याच्या जागी ब्रून्झीला उभं केलं आणि अर्कान्सासचा शेतकरी म्हणून ओळख करून दिली. तेव्हा तो कित्येक वर्षं शिकागोत राहणारा, नावाजलेला कलाकार होता! १९५१ नंतर युरोपलाही तोच शेतकरी हवा होता. पोटापाण्यासाठी त्याने तो दिला, त्याला दोष नाही. पण लंडनच्या ताफ्यासोबत तो पुन्हा आपल्या मूळ घरात गातोय असं मला दर वेळी जाणवतं.

खर्जातला
निळासूर, इतिहास मान्य, निष्कर्ष नाही. बारा बारच्या (बार म्हणजे साधारण चार ठोक्यांचं एक माप) ब्लूजमध्ये प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. साधारण अर्ध्यात ओळ गाऊन होते, उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देतं. एकटा असला की ते उत्तरही ब्रून्झीचंच. ओळ कडवट असेल तर तो कधी वरच्या तारांवर चटकन एक हरकत घेतो, कधी काहीच न घेता अंगठ्याचा ठोका तेवढा चालू ठेवतो. ताफा असला की तीच जागा सॅक्सोफोन भरून टाकतात. सुरेल भरतात, पण ओळीत माणूस काय बोलला याची दखल त्यात नसते.

त्याच सत्रांतलं 'व्हेन डू आय गेट टू बी कॉल्ड अ मॅन' ऐका. पन्नाशी उलटली, लष्करात जाऊन आलो, तिथेही 'सोल्जर बॉय'च म्हणाले (गोरे लोक मोठ्या कृष्णवर्णीय पुरुषालाही 'बॉय', म्हणजे पोरगा, म्हणत), मला माणूस कधी म्हणणार, असं विचारणारं गाणं. ते त्याने एकट्याने गायलंय. तिथे ताफा घातला असता तर गाणं मेलं असतं.

पार्ल्याचा श्रोता
एक व्यवहाराची गोष्ट राहून जातेय. संगीतकारांच्या संघटनांच्या भांडणामुळे १९३५ पासून अमेरिकी बँडना ब्रिटनमध्ये जवळपास बंदीच होती. ती १९५६ मध्ये, बँडच्या बदल्यात बँड अशा करारावर सैल झाली. पण एकटा गायक 'व्हरायटी'चा, म्हणजे रंगमंचावरच्या करमणुकीचा, कलाकार म्हणून आत येऊ शकायचा. म्हणजे ब्रून्झी स्वतःची माणसं आणूच शकत नव्हता. त्याला एकट्याला ऐकून ऐकून लोकांनी ठरवलं की ब्लूज असाच असतो. म्हणूनच १९५८ च्या ऑक्टोबरात शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला तेव्हा कित्येकांच्या कानांना ते सोसेना.

सुस्वर
मला ड्रम्स खटकतात. फिल सीमन आधुनिक जॅझचा थोर वादक, वादच नाही. पण ब्लूजचा गायक बार लांबवतो, आखडतो. ताफा आला की तो बाराच्या चौकटीत अडकतो.

निळासूर
सुस्वर, हे ब्लूज गायक जॉन ली हूकरबद्दल शंभर टक्के खरं. ब्रून्झीबद्दल नाही. त्याचा अंगठा चार ठोक्यांवर पक्का असायचा. वॉशबोर्ड सॅम, जॅझ गिलम या ब्लूजवाल्यांच्या रेकॉर्डवर त्याने स्वतः साथ केलीय, साथीदाराची शिस्त त्याच्या हाडात होती.

खर्जातला, 'कॉल्ड अ मॅन'बद्दल तुमचं म्हणणं मान्य, तिथे कुणीच नको. पण एका गाण्यावरून सगळ्या गाण्यांना तोच नियम का? १९६० मध्ये मडी वॉटर्सने ब्रून्झीच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. ओटिस स्पॅनचा पियानो, जेम्स कॉटनची हार्मोनिका, ड्रम्स, सगळं त्यात आहे. ब्रून्झीला जवळून ओळखणाऱ्या माणसाला ही गाणी ताफ्यातच ऐकू आली.

खर्जातला
मडीचा ताफा शिकागोच्या क्लबमध्ये त्याच्या सोबत रोज रात्री वाजवणारा होता. गायकाने श्वास घेतला की त्यांना पुढचं कळायचं. लंडनचे वादक त्या कामापुरते गोळा केलेले. माझी तक्रार सॅक्सोफोनवर नाही, या घाईवर आहे. ब्रिटिश जॅझवाले ब्लूजला चालतच नाहीत असंही मी म्हणत नाही. १९५८ च्या त्या दौऱ्यात मडी ट्रॉम्बोनवाल्या क्रिस बार्बरच्या बँडबरोबर गावोगाव फिरला, आणि त्यातल्या मँचेस्टरच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. ते आणि ब्रून्झीची ताफ्यातली गाणी पाठोपाठ लावा, आणि ओळ संपल्यावर मागचे लोक काय करतात एवढंच ऐका. मग सांगा.