अनुभव धागा : दुर्लक्षित कुत्रं घरी आणलं, पुढे काय झालं?

दत्तक घेतल्याच्या दिवसाचे फोटो सगळेच दाखवतात. मला त्यापुढचे महिने वाचायचे आहेत. उपाशी ठेवलेलं, मारलेलं, साखळीला बांधून विसरलेलं कुत्रं ज्यांनी आणलंय त्यांनी लिहा. चुकलं असेल तर तेही. माझ्यापासूनच सुरुवात करते.

आमची कुत्री एका बंद घराच्या आवारात बांधलेली सापडली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी काय केलं, तर भांडं भरून समोर ठेवलं. दोन मिनिटांत फस्त. परत भरलं. रात्री उलट्या, जुलाब, सकाळी उभीच राहीना. डॉक्टरांनी आधी तिला सलाइन लावलं, मग मला झापलं. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडून कुत्रं दगावूही शकतं. पुढचे १० दिवस दिवसातून ६ वेळा, वाटीच्या तळाला लागेल एवढंच. ती रिकामी वाटी चाटत माझ्याकडे बघायची आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसायचे.

* * *

आमच्याकडे उलटं. आल्या आल्या वॉशिंग मशीनच्या मागे शिरला, तो आमच्यासमोर घासही घेईना. ३ दिवस बावरलेलं, ३ आठवड्यांत दिनक्रम कळतो, ३ महिन्यांत रुळतं, असा ढोबळ हिशेब सांगतात. आमचे ३ आठवडे मशीनमागेच गेले. त्यात येणारा प्रत्येक पाहुणा वाकून 'ये ये' करणार आणि हा भिंतीत आणखी घुसणार. शेवटी पाहुणे बंद केले. रोज संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर पेपर वाचत बसायला लागलो. बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. २३व्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. मी पान उलटलं नाही. एकच बातमी २० मिनिटं वाचली. कशाची होती, देव जाणे.

* * *

थोडक्यात लिहितो. दुसऱ्याच दिवशी पळाला. घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकतं तेव्हा गळ्यातला पट्टा कानांवरून सटकन निघतो. दोन रात्री शोधला. हाका मारत मागे धावलो ती घोडचूक, त्याने तो आणखी लांब गेला. आता छातीभोवतीच्या हार्नेसला एक दोरी, पट्ट्याला दुसरी.

* * *

अंगावर केस नव्हतेच, नुसते खवले आणि वास. कुणी गाडीचं जळकं तेल लावायला सांगितलं. कृपा करून लावू नका, ते चाटून पोटात जातं, विषारी असतं. डॉक्टरांनी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. आमचा निघाला डेमोडेक्स, म्हणजे त्वचेत राहणारा सूक्ष्म किडा, तो घरातल्या मोठ्या, धडधाकट कुत्र्याला लागत नाही. सारकॉप्टिस या दुसऱ्या किड्याची खरूज मात्र लागते, माणसालाही खाज सुटते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. त्यामुळे तपासणी होईपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं.

* * *

आमचा जेवताना गुरगुरायचा. आम्ही दटावायचो. महिन्याभरात गुरगुरणं बंद, आम्ही खूश! मग एके दिवशी आवाजसुद्धा न करता मुलाच्या हाताला दात लावले. साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धुतला, तडक दवाखान्यात नेऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. चूक आमची. गुरगुरणं ही त्याची सूचना होती, तीच आम्ही बंद पाडली. आता जेवताना मुलगा त्या खोलीत जात नाही. आम्ही जाता-येता लांबूनच त्याच्या भांड्यात काहीतरी अधिक चविष्ट टाकतो. परवा गुरगुरला, तेव्हा हायसं वाटलं. विचित्र आहे, पण वाटलं.

* * *

लिहू की नको असं चाललं होतं. मी परत दिली. घरात आधीची म्हातारी कुत्री होती, दोघींची दोनदा रक्त येईपर्यंत मारामारी झाली. दारं लावून ५ महिने काढले. आता ती एकटीच असलेल्या घरात आहे, छान आहे म्हणतात. मी भेटायला गेलेले नाही.

* * *

(धागा काढणारी) वरचं लिहिलंत ते फार बरं केलंत. ५ महिने कमी नसतात.

आमचीचं सांगायचं राहिलं. वजन आता बरोबर आहे, बरगड्या हाताला लागतात पण दिसत नाहीत. काल पहिल्यांदाच वाटीत अर्धं जेवण ठेवून ती झोपायला निघून गेली. मी घाबरून ताप मोजला. १०१.५ फॅरनहाइट, म्हणजे कुत्र्यांना नॉर्मल. पोट भरलं होतं, एवढंच.