वाट नांगरली, तरी पहाटे स्तोत्रच? (चर्चा)

मिरज_पूर्वभाग

आमच्या शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट चुलत्यांनी दिवाळी झाल्यावर नांगरून टाकली. ऊस उभा आहे, कारखाना सुरू झालाय, ट्रॉली आत न्यायची कुठून? गाव मिरज तालुक्यातलं, नाव राहू दे. आम्ही ख्रिस्ती, तेही ख्रिस्ती. रविवारी एकाच चर्चमध्ये येतो, त्यांनी फक्त बाक बदललाय.

आई रोज पहाटे पाचला, चहाचं आधण ठेवायच्याही आधी, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं पाचवं स्तोत्र वाचते. दावीद राजाचं. सकाळी तू माझा आवाज ऐकतोस, सकाळी मी माझं म्हणणं तुझ्यापुढे मांडतो आणि वाट बघतो, असा त्याचा सूर. पुढे वैऱ्यांबद्दल फार कडक बोललाय. त्यांचं नरडं म्हणजे उघडं थडगं, आपल्याच मसलतींनी ते पडोत. आठव्या वचनात मार्ग सरळ कर असं मागणं आहे, तिथे आईचा आवाज चढतो. (ढेकळांतून पाय मुरगळत रानात जाणारी बाई. चढणारच.)

धाकटा भाऊ म्हणतो, प्रार्थनेनं वाट निघत नसते, चार पोरं घेऊन जातो. मी म्हणतो, आजवर घरातून कुऱ्हाड बाहेर पडली नाही ती या प्रार्थनेमुळेच. विरोध अंगावर आला की दिवसातलं पहिलं बोलणं देवाशी व्हावं, मग माणसांशी बोलताना जीभ ताळ्यावर राहते. पटत नसेल तर बोला.

खटावचा_खडक

आईसाहेबांना नमस्कार. पण देवाला मुदत नसती, तहसीलदाराला असती.

मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडं दावा टाकायचा, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दिवाळीपासून मोजा. महसूल संहितेचं कलम 143 कुणीतरी सुचवंल, ते नवा रस्ता मागायचा असला तर. तुमची वाट जुनी हाय, त्यात अडकू नका.

स्तोत्रात ‘वाट बघतो’ म्हटलंय न्हवं? चुलत्यालाबी तेच पायजे. तुम्ही बघत बसा.

शाहूपुरी_सातारा

कायद्याचं वर आलंच आहे. माझा आक्षेप मुळावर आहे.

रोज पहाटे मन मोकळं केलं की दिवस हलका जातो, हे मान्य. पण त्याचं श्रेय आकाशातल्या कुणाला का? तेच वहीत लिहून काढा, टेकडीवर फिरून या, परिणाम तोच. विरोध पेलायला प्रार्थना लागतेच असंही नाही. आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं शिव्या आणि धमक्या झेलत राहिले. पोलीस संरक्षण नाकारलं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात फिरायला निघालेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. ते देवाधर्माच्या विरोधात नव्हते, लोकांच्या शोषणाच्या विरोधात होते, हे ते स्वतःच सांगत. पण त्यांची पहाट कुणाकडे काही मागण्यात गेली नाही, आणि तरी ते हटले नाहीत.

आणि वैरी पडोत असं रोज म्हणायचं नि त्यालाच शांती म्हणायचं, हे मला कुणी समजावून सांगा.

मिरज_पूर्वभाग

दाभोलकरांपुढे मी काय बोलणार, त्यांच्याबद्दल आमच्या घरातही आदरच आहे. प्रार्थना न करणारा डगमगतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माझं म्हणणं माझ्या आईपुरतं आणि माझ्यासारख्या तापट लोकांपुरतं आहे.

वहीचं मात्र पटत नाही. वहीत मी रागानं काहीही लिहिलं तरी वही मला अडवत नाही. हे स्तोत्र अडवतं. वैऱ्यांचं वर्णन येतं नवव्या वचनात. त्याआधी चौथ्या ते सहाव्या वचनांत काय आहे? दुष्टाई तुला खपत नाही, गर्विष्ठ तुझ्यापुढे उभे राहू शकत नाहीत, खोटं बोलणाऱ्यांचा तू नाश करतोस. सातव्यात, मी तुझ्या घरात येतो तो तुझ्या दयेमुळे. म्हणजे चुलत्याचं गाऱ्हाणं सांगण्याआधी सांगणाऱ्याला स्वतः त्या चाळणीतून जावं लागतं. मोजणीच्या वेळी आपला खुंटा कुठे होता, हे तेव्हा बरोबर आठवतं.

येळकोट_पाल

आमच्याकडं काय वेगळं नाही दादा. आम्ही आणि आमची भावकी, दोघांचं कुलदैवत पालीचा खंडोबा. बांधावरून भांडण, आणि पौषातल्या जत्रेला दोघंही भंडारा उधळायला हजर. तो म्हणतो देवा ह्याचं वाटोळं कर, मी म्हणतो त्याचं कर. देवानं कुणाचं ऐकायचं? म्हाळसेला विचारून ठरवत असंल.

चेष्टा सोडा. भावकीच्या भांडणात देव दोघांचाही एकच असतो, ह्याचं उत्तर मला तरी कुणी दिलेलं नाही.

कऱ्हाड_संगम

त्या प्रश्नाजवळ जाणारी गोष्ट खुद्द दाविदाचीच आहे, आणि तीही भावकीचीच. स्वतःचा मुलगा अबशालोम उलटला, राज्य घ्यायला निघाला. बाप यरुशलेम सोडून अनवाणी, रडत जैतुनांच्या डोंगरावर चढला. तिसऱ्या स्तोत्राच्या माथ्यावर लिहिलंय की ते याच पळापळीतलं. ‘मी निजलो, झोपी गेलो, पुन्हा जागा झालो’ हे त्यातलंच. म्हणजे तीही सकाळचीच प्रार्थना. वैऱ्यांचे दात पाडणारा देव, अशी भाषाही तिथे आहे.

आता बायबलमधल्याच दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय बघा. डोंगर चढताना दाविदाला कळलं की मसलत देणारा अहीथोफेल मुलाला जाऊन मिळालाय. त्यानं एका ओळीची प्रार्थना केली, याची मसलत फसू दे. माथ्यावर पोचतो तर मित्र हूशय समोर. दाविदानं त्याला तिथूनच परत शहरात धाडलं. अबशालोमच्या दरबारात राहा, अहीथोफेलाचा सल्ला मोडून काढ, आणि निरोप आणायला याजकांची दोन मुलं आहेत, त्यांच्याकडे दे. प्रार्थना आणि डाव यांच्यामध्ये फार तर अर्धा डोंगर. तेव्हा खटावकर, दाविदानं तुमचा दावा पहिल्याच दिवशी टाकला असता.

अठराव्या अध्यायात लढाईला निघालेल्या सरदारांना तोच दावीद सांगतो, माझ्यासाठी त्या पोराशी जपून वागा. शाहूपुरीकर, तुमच्या शंकेचं उत्तर मला इथे दिसतं. दात पाडायची भाषा देवापुढे संपवली होती, म्हणून सरदारांपुढे ती आली नाही.

शाहूपुरी_सातारा

उत्तर चांगलं आहे, पण पुढचं गाळलंत. सरदारांमधल्या यवाबानं ऐकलं नाही. झाडाला अडकलेल्या अबशालोमला त्यानं मारलंच. म्हणजे प्रार्थनेनं दावीद आवरला गेला, यवाब नाही. धागाकर्त्यांची आई पहाटे पाचला उठते. धाकटा भाऊ किती वाजता उठतो?

चाफळ_खोरं

सात ओळींत संपवतो. ‘प्रभाते मनी राम’ आम्ही पोरपणी म्हणत होतो, अर्थ नंतर कळला. समर्थ सज्जनगडावर 1676 ला राहायला गेले, त्याआधीच त्यांनी या खोऱ्यात मारुती उभे केले होते. चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर, तिकडे तुमच्या सांगलीकडे बहे-बोरगाव, बत्तीस शिराळा. मारुतीच्या देवळाला लागून तालीम का असते? नमस्कार आणि जोर-बैठका एकाच पहाटे, एकाच अंगाला. श्रद्धा की कृती हे भांडण शहरातल्या लोकांचं.

सांगलीची_लेक

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर.

‘सकाळी देवाचं नाव घे, सगळं ठीक होईल’ हे वाक्य सासरी छळ सोसणाऱ्या बाईला सगळ्यात आधी कोण ऐकवतं? ज्याला तिनं तोंड उघडायला नको असतं तो. वाटेच्या दाव्याला सहा महिने आहेत म्हणून वर सगळे घाई करताहेत. तिला मात्र वर्षानुवर्षं स्तोत्र पुरेल असं गृहीत धरलं जातं.

दुसरं. ‘विरोधक’ हा शब्द आपण फार पटकन वापरतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला झाला. शेवटच्या काळात ते साताऱ्यात होते, 1917 ला तिथे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, हे साताऱ्याचे लोक कौतुकानं सांगतात, सांगावंच. पण 1895 साली त्यांच्या बाजूनं पाहिलं तर घरचे सगळे विरोधात गेले. पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाजूनं पाहिलं तर चालता संसार उभा चिरला. 1900 ला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचारानं. मधल्या वर्षांत टिळक सकाळच्या प्रार्थनेत पत्नीला वैऱ्यांत मोजत असतील का? मला नाही वाटत. मग चुलत्याला तरी रोज नवव्या वचनात का बसवायचं? दोन्ही घरच्या बायका एकमेकींशी बोलतात का, हे धाग्यात कुठेच नाही.

प्रार्थनेला माझा विरोध नाही. मीही करते. दार लावून घेऊन करते, म्हणजे ती माझ्यावर कुणी वापरत नाही.

बाक_बदललेला

सभासद आजच झालो. वाट नांगरणाऱ्या घरातला मी.

आमच्याही घरी हेच स्तोत्र वाचतात, फक्त साडेपाचला. वाट उगाच नांगरली नाही. गेल्या हंगामात यांच्या भरलेल्या ट्रॉलीनं आमची पाइपलाइन दोनदा फोडली. ऐन फेब्रुवारीत आमचा खोडवा वाळला. ते काही लिहिलेलं दिसत नाही. ताईंनी बायकांचं विचारलं म्हणून सांगतो, आमची आई आणि काकू अजूनही बोलतात, विहिरीवर.

मिरज_पूर्वभाग

दोनदा नाही, एकदा. आणि त्या एकदाचे पैसे रोख दिलेत, काका नाकबूल करणार नाहीत. दुसऱ्यांदा फुटली ती तुमच्याच रोटाव्हेटरनं. पण पिकाचं म्हणशील तर वाळलं, ते मी पाहिलंय.

दावा मी टाकणार आहे, तो थांबणार नाही. टाकायच्या आदल्या दिवशी घरी येऊन सांगेन. भावाला बरोबर आणणार नाही.

बाक_बदललेला

ये. सहानंतर ये, आधी वाचन चालू असतं.

येळकोट_पाल

आता देवानं कुणाचं ऐकायचं, पाच वाजताचं का साडेपाचचं?

खटावचा_खडक

दोघांनीबी एक सांगा, पाइप किती खोल हाय? वाटेखाली फूटभरावर टाकला असला तर फुटणारच, कुणाचीबी ट्रॉली असू दे. वाट जिथं ओलांडती तेवढ्याच पट्ट्यात तीन फूट खाली घ्या, वरून सिमेंटचा मोठा नळा घाला आणि पाइप त्यातनं काढा. खर्च निम्मा-निम्मा. दावा टाकायचा तर टाका, पण तहसीलदार जागेवर पाहणीला येईल तवा पाइप कुठनं गेलाय ते पंचनाम्यात लिहून घ्या, न्हाईतर पुढल्या हंगामात परत हाच धागा काढाल. आणि मुदतीचं इसरू नका.