मदत हवी आहे: भिंतीवरच्या बिया जातच नाहीत

वेशीवरचा: महिना झाला, रोज झाडतोय तरी परत येतात. काल दोनदा भिंत पुसली, सकाळी पुन्हा ७. फिनेल झालं, खडू ओढून झाला, फवारणीवाला पैसे घेऊन गेला. आठ दिवसांत घर साफ पाहिजे. उपाय सांगा, लवकर.

कडकलक्ष्मी: काय परत येतात? फोटो टाका की.

सुतारदादा: वाळवी. चौकट ठोकून बघा, पोकळ वाजेल.

वेशीवरचा: वाळवी नाही ओ. करड्या, चपट्या, दोन्हीकडं निमुळत्या, दोडक्याच्या बीएवढ्या. सिमेंटचा पोपडाच वाटतो, आणि सरकतो!

माईंचं_स्वयंपाकघर: तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला ठेवा, एक किडा होत नाही.

पतंगवेडा: ही बारीक पतंगाची अळी. स्वतःच्या रेशमात वाळू, धूळ, भिंतीचा चुरा चिकटवून पिशवी विणते आणि तिच्यासकट फिरते. पिशवी दोन्हीकडं उघडी असते, आतल्या आत वळून कुठूनही डोकं काढते. कोळ्याची जाळी, केस, मेलेले किडे, लोकर हे तिचं खाणं. ते आहे तोवर भिंत पुसून काय होणार? खोलीत लोकरीचं काय आहे?

सुतारदादा: एवढं कशाला, डांबरगोळ्या टाका. आमच्या कपाटात वीस वर्षं कसर नाही.

वेशीवरचा: आणतो. बहीण बाळंतपणाला येणार आहे, तिचीच खोली.

कडकलक्ष्मी: हे आधी सांगायचं नाही का! डांबरगोळ्या अजिबात नको. जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानं फुटतात.

सुतारदादा: आमची पोरं त्याच कपड्यांत वाढली.

कडकलक्ष्मी: तुमची वाढली. ह्यांच्या बाळाचं कुणाला ठाऊक?

वेशीवरचा: पलंगाखालची ट्रंक उघडली. आज्जीनं पट्टणकोडोलीच्या यात्रेतनं आणलेलं काळं घोंगडं. घडीत बोट जाईल एवढी भोकं, तळाला ९ पिशव्या. टाकवत नाही.

पतंगवेडा: टाकू नका. ऊन असतं तर कडक उन्हात घालून झटका म्हटलं असतं, पण आषाढात कुठलं ऊन! प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बांधलेलंच बाहेर काढा, खोलीइतकं ऊबदार झालं की मग सोडा. तोवर ट्रंकेच्या फटी, पलंगाखालची जाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्या.

वेशीवरचा: मित्राचं आइस्क्रीमचं दुकान आहे, आत्ताच फोन लावतो. घोंगडं रफू करणारं गावात कोण उरलंय का?

माईंचं_स्वयंपाकघर: काळी लोकर आहे माझ्याकडं. घेऊन या, मी भरून देते.