इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन : गावातल्या घरासाठी घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? (सल्ला हवा आहे)

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यात राहतो. शेती आणि दुकान सांभाळून रात्री जेवणानंतर तास-दीड तास शास्त्रीय संगीत ऐकणे हा माझा एकमेव खर्चिक छंद आहे. सध्या माझ्याकडे मध्यम किमतीचा प्लेनर मॅग्नेटिक हेडफोन आणि एक बरा डॅक (डिजिटल फाइलचा ऐकता येणारा संकेत करणारे यंत्र) आहे. मध्यंतरी नागपूरला एका स्नेह्यांकडे स्टॅक्स या जपानी कंपनीच्या लॅम्डा घराण्यातील इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन थोडा वेळ कानावर चढवायला मिळाला. वसंतराव देशपांड्यांच्या गायनामागचे दोन तानपुरे त्यावर मला वेगवेगळे ऐकू आले, आणि तेव्हापासून ही वस्तू मनात घर करून बसली आहे.

अडचण अशी की आमच्या घरापासून कापसाचे जिनिंग लांब नाही, उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप लागत नाही आणि हरभऱ्याला पाणी सुरू झाले की रात्रीचे व्होल्टेज पार खाली जाते. अशा घरात हा नाजूक प्रकार टिकेल का? तो मुळात बनतो कसा, आणि साधारण लाखाच्या आत काय पाहावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

वैनगंगाकाठ

पऱ्हाटीभाऊ, बनावट एकदा नीट समजली की धूळ, दमटपणा आणि वीज या तिन्ही शंकांची उत्तरे तिच्यातूनच निघतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

साध्या हेडफोनमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि चुंबक ते हलवतो. तुमच्या प्लेनरमध्ये वेटोळ्याऐवजी पडद्यावरच वाहक पट्ट्या असतात. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबकही नाही आणि तारही नाही. एक अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा, त्याच्या दोन्ही अंगांना स्टेटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भोके पाडलेल्या धातूच्या चकत्या, आणि मध्ये सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट, एवढाच सारा संसार. पडद्यावर विद्युतभार कायम ठेवलेला असतो. स्टॅक्सच्या आजच्या ‘प्रो’ पद्धतीत त्यासाठी ५८० व्होल्टचा बायस (कायम दिलेले व्होल्टेज) लागतो, जुन्या ‘नॉर्मल’ पद्धतीत तो २३० व्होल्ट असे. गाण्याचा संकेत मोठ्या व्होल्टेजपर्यंत चढवून दोन्ही स्टेटरना उलटसुलट दिला जातो, त्यामुळे एक बाजू पडद्याला ओढते त्याच क्षणी दुसरी त्याला ढकलते. लॅम्डा मालिकेतल्या हेडफोनला १०० व्होल्ट दिले की १०१ डेसिबल आवाज मिळतो, यावरून तुमच्या नेहमीच्या ॲम्प्लिफायरला तो का जोडता येत नाही हे लक्षात येईल.

सगळे कसब पडद्यात आहे. ही पॉलिएस्टरची फिल्म साधारण सव्वा ते अडीच मायक्रॉन जाडीची असते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड. पडद्याचे वजन इतके कमी की त्याला ढकलाव्या लागणाऱ्या हवेपुढे ते नगण्य ठरते, म्हणून आवाज निघायला आणि थांबायला उशीर लागत नाही. फिल्म कड्यावर चढवताना ताण सगळीकडे सारखा यावा लागतो. खंजिरीवर कातडे चढवणाऱ्याला जी काळजी घ्यावी लागते, तीच इथेही आहे : ताण जास्त झाला तर खर्ज आखडतो, आणि कमी झाला तर पडदा एका स्टेटरकडे खेचला जाऊन तिथेच चिकटून बसतो. त्यानंतर फिल्मवर लेप येतो. हा लेप चांगला वाहक असेल असे आपल्याला वाटते, पण तो मुद्दाम अगदी मंद वाहक ठेवतात. तो तांब्यासारखा वाहक असता, तर पडद्याचा जो भाग स्टेटरच्या जवळ सरकतो तिकडेच सारा भार धावला असता आणि ओढ असमान होऊन स्वर बिघडला असता. मंद लेपामुळे भार जिथल्या तिथे राहतो. या प्रकारात विरूपण (मूळ स्वरात होणारा बिघाड) इतके कमी असण्याचे मोठे कारण माझ्या मते हेच आहे, मात्र जाहिरातींत बोलबाला होतो तो फक्त पातळपणाचा.

स्टेटर ताठ हवा, पण हवा आरपार जाण्याइतका उघडाही हवा. भोकांच्या कडा धारदार राहिल्या तर तिथून ठिणगी उडण्याची भीती असते. स्टॅक्सने २०११ च्या एसआर-००९ मध्ये कोरीव धातूचे अनेक पातळ थर उष्णतेने एकजीव करून स्टेटर बनवला. जर्मनीच्या सेनहायझरने एचई-१ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेले सिरॅमिकचे स्टेटर आणि प्लॅटिनमचा लेप असलेली २.४ मायक्रॉनची फिल्म वापरली, शिवाय ॲम्प्लिफायरचा शेवटचा टप्पा थेट कानाच्या कपात बसवला. त्याच्या ॲम्प्लिफायरच्या पेटीला इटलीतील कॅराराचा संगमरवर आहे आणि तो बाजारात आला तेव्हाच किंमत पन्नास हजार युरोच्या घरात होती. आपल्यासाठी ते केवळ दर्शन.

या प्रकाराची सुरुवात १९६० च्या स्टॅक्स एसआर-१ पासून झाली, असे मानतात. स्टॅक्स ही कंपनी २०११ मध्ये चीनच्या एडिफायरने विकत घेतली, पण उत्पादन जपानातच चालू राहिले.

जवारी

वैनगंगाकाठ यांनी बनावट उत्तम सांगितली आहे. मी ऐकण्याबद्दल थोडे लिहिते, कारण पैसे त्यासाठीच मोजायचे आहेत.

तानपुऱ्याची तार छेडल्यावर जवारीमुळे जे स्वरांचे पदर एकामागून एक उलगडत जातात, ते या हेडफोनवर शेवटपर्यंत ऐकू येतात आणि गायकाचा श्वास त्यांना झाकत नाही. सारंगी, स्वरमंडळ, बासरीतली फुंकर हे याचे खरे क्षेत्र आहे. तुकडोजी महाराजांच्या भजनांची जुनी ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत. त्यांत खंजिरीवर बोट पडल्याचा आवाज आधी आणि झांजांची किणकिण त्याच्या मागून, अशी दोन्ही सुटी कळतात. मात्र त्याच ध्वनिमुद्रणातली खरखरही तितकीच स्पष्ट होते, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या कमी दर्जाच्या फाइली अक्षरशः उघड्या पडतात.

ढोलकीची थाप छातीवर यावी अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. खर्ज खोल जातो, पण धक्का देत नाही. लावणी, संबळ किंवा चित्रपटगीते हे तुमचे मुख्य खाद्य असते तर मी प्लेनरवरच थांबा म्हटले असते. आणखी एक गोष्ट : हे हेडफोन बहुधा दोन्ही बाजूंनी उघडे असतात, त्यामुळे कूलरची घरघर आत येते आणि तुमचे गाणे शेजारी झोपलेल्याला ऐकू जाते.

कुटार

मी मूर्तिजापूरकडचा. वसंतरावांचे जन्मगाव म्हणून नव्हे, तर धुळीचा अनुभव म्हणून लिहितो आहे.

कापसाचा बारीक तंतू हा या हेडफोनचा पहिला शत्रू आहे. पडद्याच्या पुढेमागे धूळ अडवणारे पातळ आवरण कंपनीने दिलेले असते, पण ते फाटले किंवा सैल झाले की भारित पडदा धूळ स्वतःकडे ओढून घेतो. तंतू फटीत अडकला की मंद शिट्टी किंवा तडतड ऐकू येते. म्हणून ऐकणे संपले की हेडफोन खुंटीवर न टांगता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पुड्यांतले मणी रंग बदलणारे घ्यावेत, म्हणजे कधी वाळवायचे ते नुसते पाहून कळते. तुरीचे कुटार (भुसा) उडते त्या दिवसांत खिडकी उघडी ठेवून ऐकू नये.

दमटपणाबद्दल मात्र एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. विदर्भाचा उन्हाळा बाहेर कोरडा असतो, पण वाळ्याच्या ताट्या भिजवून फिरणारा कूलर खोलीच्या आत पावसाळा करून ठेवतो. दमट हवेत पडद्यावरचा भार झिरपून जातो आणि मग एका कानाचा आवाज दुसऱ्यापेक्षा लहान होतो. लोक घाबरून दुरुस्तीला पाठवतात, आणि पुष्कळदा तो रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवून, नंतर थोडा वेळ जोडून ठेवल्यावर आपोआप ताळ्यावर येतो. कूलरचा झोत थेट अंगावर येईल अशा जागी बसून ऐकू नये, आणि घाम पुसूनच हेडफोन चढवावा.

विजेबद्दल बोलायचे तर जपानातून वापरलेला ॲम्प्लिफायर मागवलात तर तो बहुधा १०० व्होल्टचा असेल. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर गेलाच समजा. लहान ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला साधारण १०० व्हीएचा चांगला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पुरतो. कृषिपंप सुरू असताना व्होल्टेज ढासळते म्हणून त्याच्या आधी स्टॅबिलायझर हवा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी घातला तेही बघून घ्या. ॲम्प्लिफायरचे झाकण मात्र गावातल्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिककडून उघडवू नका. हेडफोनकडे जाणारा बायस मोठ्या रोधातून येत असल्याने त्यातला प्रवाह नगण्य असतो, पण पेटीच्या आतले व्होल्टेज जीवघेणे आहे, आणि बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ राहते.

पऱ्हाटी

सर्वांचे मनापासून आभार. कूलरचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. ऐकणे बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत, ढोलकी क्वचितच. आता नेमके नाव सुचवा : नवा घ्यावा की जुना?

वैनगंगाकाठ

ख्याल आणि नाट्यसंगीत असेल तर घ्या, आणि तुमच्या पैशात दोनच वाटा दिसतात.

पहिली वाट स्टॅक्स एसआर-एल३००. लॅम्डा मालिकेतला हा सर्वांत स्वस्त असला तरी आवाजाचे घराणे तेच आहे. त्यासोबत एसआरएम-डी१० हा छोटा ॲम्प्लिफायर वापरलेला मिळाला तर उत्तम, कारण त्यात डॅक आहे आणि तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो, म्हणजे भारनियमनाची चिंता तेवढ्यापुरती तरी मिटते. दुसरी वाट कॉस या अमेरिकी कंपनीचा ईएसपी/९५एक्स. १९९० च्या ईएसपी/९५० चाच हा अवतार आहे. त्याच्या ॲम्प्लिफायरची पेटी बाहेरच्या डीसी ॲडॉप्टरवर चालते, त्यामुळे १०० आणि २३० व्होल्टचा घोळच राहत नाही. आवाज किंचित ऊबदार आहे आणि किंमत बरीच उतरलेली. बांधणी मात्र प्लास्टिकची आणि हलक्या हाताची वाटते. त्याचा प्लग कॉसचा स्वतःचा आहे, त्यामुळे उद्या स्टॅक्सचा ॲम्प्लिफायर घेतलात तर तो तसाच जोडता येणार नाही.

तुमच्या जागी मी कॉस घेतला असता, कारण जिनिंगजवळच्या घरात पहिला सेट हा थोडा सोसणारा असावा. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी आधीच हिशेबात धरा, नाहीतर लाखाचे अंदाजपत्रक दारात येईपर्यंत कोलमडते.

जवारी

जुना घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर ही तपासणी जरूर करा. ॲम्प्लिफायर चालू करून हेडफोन जोडा आणि पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू द्या. मग एकट्या तानपुऱ्याचे मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी यायला हवा. एका कानाकडे झुकला तर हेडफोन उलटा घाला. झुकाव हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष पडद्यात, ॲम्प्लिफायरमध्ये किंवा डॅकमध्ये आहे. त्याच कानाला राहिला तर तुमच्या कानात. शेवटी गाणे बंद करून कप कानावर हलकेच दाबा. त्या वेळी पडदा क्षणभर फर्रकन वाजतो. हा दोष नाही, हवा दाबली गेल्याने तसे होते. पण हात काढल्यानंतरही बारीक शिट्टी चालूच राहिली तर आत तंतू किंवा धूळ आहे असे समजून तो सेट सोडून द्या.