हलवल्यावर आवाज कसला येतो तेही ऐका

"पाणी वाजलं की नारळ जुना, घेऊ नका" असं नारळ कसा निवडावा या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. शहाळं 6-7 महिन्यांचं, पाण्यानं गच्च भरलेलं, म्हणून ते वाजत नाही. वर्षभराचा पक्का नारळ हलवला की पाणी डुचमळणारच. खराब नारळ ओळखायचा तो त्याच्या शेंडीखालच्या तीन डोळ्यांवरून. शेंडी बाजूला सारून बघा, ओल किंवा बुरशी दिसली तर ठेवून द्या.

गोटा खोबऱ्याचं, म्हणजे करवंटीतच अख्ख्या सुकलेल्या खोबऱ्याचं, मात्र कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडे मराठवाड्यात काळ्या मसाल्याला, येसराला (आमटीत घालायच्या मसालेदार पिठाला) तेच लागतं. कर्नाटकात तिपटूर भागात पक्के नारळ न सोलता 8 ते 12 महिने माळ्यावर ठेवतात. पाणी आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं आणि आत गोटा खडखडतो. घेताना एक फोडून मागा. आतून पांढराच हवा, पिवळा पडलेला असला तर मसाला लवकर खवट होतो.