मदत हवी आहे: इस्रायल-पॅलेस्टाइन शांततेवरचा लोकांचा विश्वास नेमका कधी उडाला?

रानजाई
शुक्रवारी बोलायचं आहे आणि गाडी एका जागी अडली आहे. १९९३ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी शांतता करारानंतर हात मिळवले तेव्हा लोकांना आशा होती, आज नाही. मत कधी फिरलं? जिथे वाचावं तिथे वेगळंच साल. कुणी १९९५ म्हणतं, कुणी २०००, कुणी २०२३. मला एक ठाम साल आणि एक कारण हवंय. कृपया अब्राहमापासून सुरुवात करू नका.

सह्यकडा
कुणाचं मत? इस्रायली, पॅलेस्टिनी, की अमेरिका-युरोपातल्या लोकांचं? आणि बोलायचं कुठे, किती वेळ? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना वाचक
साल २०००, यात वादच नाही. जुलैत कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे पंतप्रधान बराक आणि अराफात यांची बोलणी फिसकटली, सप्टेंबरअखेर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला. २००२ मध्ये पेसाख या ज्यू सणाच्या रात्री इस्रायलमधल्या नेतन्या शहरातल्या हॉटेलात बॉम्बस्फोटात ३० माणसं गेली. त्यानंतर शांततेचं नाव घेणाऱ्यांना मतं कोण देणार? १९९२ च्या निवडणुकीत शांततावाद्यांपैकी राबिन यांच्या मजूर पक्षाला ४४ आणि मेरेत्झला १२ जागा होत्या. २०२२ मध्ये मजूर पक्षाला ४, मेरेत्झला शून्य.

निशिगंध
हे निम्मंच झालं. पॅलेस्टिनींचा विश्वास त्याच्या कितीतरी आधी झिजत होता. ओस्लोआधी माद्रिदला झालेल्या शांतता परिषदेत त्यांचं शिष्टमंडळ नेणारे हैदर अब्देल शाफी ओस्लोच्या, म्हणजे १९९३ च्या त्याच कराराच्या, स्वाक्षरी समारंभाला गेलेच नाहीत, कारण करारात व्याप्त भागातल्या इस्रायली वसाहती थांबवण्याची अट नव्हती. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनला नमाज पढणाऱ्या २९ जणांना एका वसाहतवाल्याने गोळ्या घातल्या. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारात पश्चिम किनाऱ्याचा ७० टक्क्यांहून जास्त भाग 'क' क्षेत्र म्हणून पूर्ण इस्रायली ताब्यात राहिला. पूर्व जेरुसलेम सोडून तिथे तेव्हा लाखभर वसाहतवाले होते, आज पाच लाखांहून जास्त आहेत. वाटाघाटी चालू आणि जमीन कमी कमी होतेय, हे ज्याने स्वतःच्या शेताच्या बांधावरून पाहिलं त्याला २००० ची वाट बघावी लागली नाही.

जुना वाचक
आणि २००५? पंतप्रधान शेरॉनने गाझातल्या सगळ्या २१ वसाहती उठवल्या. पुढच्याच वर्षी पॅलेस्टिनी मतदारांनी हमासला १३२ पैकी ७४ जागा दिल्या.

निशिगंध
मतं ४४ टक्के होती, जागांवरून सगळ्या समाजाचं मन ठरवू नका. शिवाय ती माघार एकतर्फी होती. पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांच्याशी करार करून गाझा सोडली असती तर श्रेय वाटाघाटींना गेलं असतं. ते हमासने घेतलं.



शब्दवेडा
भारताची भूमिका घ्या ना! १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. मत कसं फिरतं ते घरबसल्या दिसेल.

रानजाई
भारतावर वेगळा धागा काढा, प्लीज. मी इस्रायली मतदारांबद्दलच विचारतेय. अभ्यासमंडळ आहे, वीस मिनिटं. मंडळातले बरेच जण ठामपणे म्हणतात की तिथे शांतता कुणालाच कधी नको होती. मला ते खोडून काढायचंय.

सह्यकडा
मग सालाचा नाद सोडा. तेल अवीव विद्यापीठाचा 'पीस इंडेक्स' १९९४ पासून दोन प्रश्न वेगवेगळे विचारत आला: वाटाघाटी हव्यात का, आणि त्यातून शांतता येईल असं वाटतं का. वर्षानुवर्षं पहिल्याला बहुमत हो म्हणायचं आणि दुसऱ्याला थोडेच. नको असणं आणि अशक्य वाटणं यात फरक आहे. तुमचा मुद्दा तिथेच आहे. रामल्लाचे खलील शिकाकी पॅलेस्टिनींची अशीच पाहणी करतात, ती बाजूला ठेवून बोलू नका.

अश्दोदकर
रानजाईताई, आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आता इस्रायलमध्ये राहणारे. १९९२ ला आमच्या घरची सगळी मतं राबिनना गेली. १९९५ च्या नोव्हेंबरात त्यांना एका ज्यू माणसानेच मारलं, तेव्हा वडील सुन्न झाले होते. तरीही १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बसमध्ये बॉम्ब फुटायला लागले आणि मे महिन्यात त्यांनीच नेतन्याहूंना मत दिलं. राबिन यांच्या जागी आलेले पेरेस एक टक्क्याहून कमी फरकाने पडले, म्हणजे आमच्यासारखी घरं बरीच असणार. वडिलांना शांतता नको झाली नव्हती, मुलांना बसने शाळेत पाठवायची भीती वाटत होती.
७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर मात्र वेगळं आहे. गाझाजवळच्या बेरी किबुत्झमध्ये (सामुदायिक वस्तीत) व्हिव्हियन सिल्व्हर मारल्या गेल्या, त्यांनी आयुष्यभर शांततेसाठी काम केलं होतं. जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायली संसदेने, पॅलेस्टिनी राष्ट्राविरुद्ध ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला. माझा मुलगा ओस्लोनंतर जन्मला. तो या विषयावर वादही घालत नाही, उठून जातो. ते मला वडिलांच्या मतबदलापेक्षा जास्त सलतं.

निशिगंध
अश्दोदकरकाका, मनापासून लिहिलंत. गाझातही त्याच वयाची मुलं आहेत. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीत साठ हजारांवर मृत्यू आहेत. त्यांनाही कुणी वाटाघाटींबद्दल विचारलं तर ती उठूनच जातील.

जुना वाचक
१९९६ नंतर १९९९ ला बराक निवडून आलेच होते, शांततेच्याच मुद्द्यावर. म्हणून परत सांगतो, २०००.

रानजाई
१९९६, २००० आणि २०२३ असे तीन टप्पे घेते, आणि प्रत्येक ठिकाणी सह्यकडांचे दोन प्रश्न. काका, वडिलांच्या त्या दोन मतांबद्दल नाव न घेता सांगितलं तर चालेल? निशिगंध, अब्देल शाफींवर मराठीत काही आहे का? आजच हवंय.